आठ आंधळे डिटेक्टर आणि मामांचं पॉलिश

तीर्थस्वरूप मामांना,

भाचीचा साष्टांग नमस्कार. (सुरक्षा-बूट आणि हेल्मेट घालून साष्टांग जमत नाही, पण मनातल्या मनात मी पूर्ण आडवी झाले आहे असं समजा.) मी इकडे ठीक आहे. तुमच्या गुडघ्याचं कसं काय? डॉक्टरांनी उकिडवं बसू नका म्हणून सांगितलेलं असताना तुम्ही गाड्यांची चाकं अजूनही स्वतःच धुता, हे मला आईकडून कळलं. मामीचा चष्मा सापडला का? नसेल तर फ्रीजवर बघा. तुमचं वॉशिंग सेंटर जोरात चालू असेलच. तुम्ही घरच्या घरी बनवलेलं पॉलिशही उत्तम खपत असेल. त्याबद्दलच थोडं, म्हणजे त्याबद्दल नाही, सहज लिहायला बसले आहे. फोनवर आपलं बोलणं दोनदा अर्धवट राहिलं. (दुसऱ्या वेळी मामी म्हणाली तुम्ही बाहेर गेला आहात, आणि मागून तुमचाच आवाज आला, "गेलाय म्हणून सांग." रेंज फार चांगली होती, मामा.) पत्राचं एक बरं असतं. माणूस ते मध्येच ठेवून देऊ शकत नाही. म्हणजे देऊ शकतो, पण ते टेबलावर पडून त्याच्याकडे बघत राहतं.

माझं काम नेमकं काय हे घरात अजून कुणाला कळलेलं नाही. आई शेजारणींना सांगते की पोरगी कंपनीत मोठी साहेब आहे. बाबा सांगतात की ती गॅसचं बघते, आणि त्यामुळे दोन शेजाऱ्यांनी मला शेगडी दुरुस्त करायला बोलावलं. खरी गोष्ट अशी की मी सुरक्षा अभियंता आहे, आणि त्यापुढे कंसात "प्रशिक्षणार्थी" आहे. सहा महिने संपत आलेत, आता तो कंस पुसला जाणार होता. आपल्या घरातली पहिली पदवीधर मी, त्यामुळे तो कंस माझ्या एकटीचा नाही. तो आईच्याही घशात अडकलेला आहे.

आमच्या गोदामात फोर्कलिफ्ट बॅटरीवर चालतात. त्यांच्या बॅटऱ्या लोखंडी पेटीएवढ्या असतात, आणि बॅटरी रूममध्ये अशा बेचाळीस बॅटऱ्या रांगेत लावून चार्ज करतात. चार्ज होताना त्यातून हायड्रोजन निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो इतका हलका की सरळ छताला जाऊन चिकटून बसतो, बोलावल्याशिवाय आलेल्या पाहुण्यासारखा. पंखे चालू असतील तर काही नाही. पंखा बंद पडला आणि शंभर भाग हवेत चार भाग हायड्रोजन झाला, तर एक ठिणगी पुरते. म्हणून छताला कायमचे डिटेक्टर लावायचे. त्या चार भागांचा पाव हिस्सा गॅस साठला की त्यांनी बोंब मारायची, पंखे वाढवायचे आणि चार्जर बंद करायचे. हे डिटेक्टर निवडायचं काम मॅनेजरसाहेबांनी माझ्यावर सोपवलं. मी त्या दिवशी डबासुद्धा उभ्यानेच खाल्ला.

निवड समितीत मी होते, खरेदी अधिकारी होते आणि बॅटरी रूम सांभाळणारे अण्णा होते. बॅटऱ्यांत डिस्टिल्ड पाणी भरण्यात सव्वीस वर्षं गेली म्हणून सगळे त्यांना "डिस्टिल्ड अण्णा" म्हणतात. खरेदीसाहेबांचं म्हणणं पडलं की डिटेक्टर गुडघ्याच्या उंचीवर लावा, कारण त्यांच्या घरी स्वयंपाकाच्या गॅसचा डिटेक्टर खालीच आहे. मी सांगितलं, तो गॅस जड असतो, खाली बसतो, हा वर जातो. त्यावर ते म्हणाले, "मग मधोमध लावा, दोघांचाही मान राहील." शेवटी मी फुगा आणला. (हायड्रोजनचा नाही, हीलियमचा. मी काही वेडी नाही.) तो बैठकीत सोडला, तो छताला गेला, मुद्दा पटला, पण फुगा छतावरच्या पंख्याच्या दिशेने सरकत निघाला आणि पुढची दहा मिनिटं समितीने एकही विषय न घेता वर बघत काढली.

अण्णांचा प्रश्न वेगळा होता. त्यांच्या मते डिटेक्टरची गरजच नव्हती. "मी आहे ना," असं म्हणून त्यांनी स्वतःच्या नाकावर बोट ठेवलं. मी म्हटलं, अण्णा, हायड्रोजनला वास नसतो. ते म्हणाले, "मग बॅटरी तापली की कुजक्या अंड्याचा वास येतो तो काय माझ्या घरून येतो?" मी त्यांना समजावलं की तो दुसरा गॅस, बॅटरी जास्त चार्ज झाल्यावर निघणारा, आणि तो येईपर्यंत हायड्रोजन कधीचा छतावर बसलेला असतो. हे मी सगळ्यांसमोर, फळ्यावर आकृती काढून समजावलं. आता कळतं की सव्वीस वर्षांच्या नाकाला आकृती काढून खोटं ठरवायचं नसतं. अण्णा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी त्यांची समजूत काढायला गेले, तर रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून तुमच्या पॉलिशच्या दोन बाटल्या घेऊन गेले. नोकरी लागली तेव्हा तुम्ही प्रेमाने डझनभर पाठवल्या होत्या. (माझ्याकडे गाडी नाही, मामा. मी बसने जाते.) मी म्हटलं, अण्णा, आमच्या मामांनी स्वतः बनवलेलं आहे, ज्यावर माराल ते महिनाभर चकाकेल. बाटलीवरचा तुमचा मिशीवाला फोटो बघून अण्णा हसले आणि आमचं जमलं.

त्यानंतर विक्रेते आले. पहिला कडक इस्त्रीचा, त्याचं यंत्र अदृश्य किरणांनी गॅस ओळखणारं. मी विचारलं, याला हायड्रोजन दिसतो का? तो म्हणाला, "मॅडम, याला सगळं दिसतं." हायड्रोजन त्या किरणांना दिसत नाही हे मला तिसऱ्या वर्षाच्या पुस्तकापासून पाठ आहे. मी त्याला चहा पाजून नम्रपणे वाटेला लावलं आणि त्या दिवशी स्वतःवर फार खूश झाले. (खूश झाले की काहीतरी बिघडतं, हे आजी म्हणायची ते खरं.) दुसरे विक्रेते वयस्कर, स्कूटरवरून आलेले, मांडीवर डिटेक्टरची पेटी बाळासारखी धरून बसलेले. त्यांच्याकडे दोन प्रकार होते. एकात तापलेला बारीक मणी असतो, त्यावर गॅस जळतो आणि त्या उष्णतेवरून किती गॅस आहे ते कळतं. दुसऱ्यात कोमट तार असते, हायड्रोजन आला की ती जास्त गार पडते, त्यावरून अंदाज येतो. ते म्हणाले, मणी बारीक आकडे सांगतो पण नाजूक आहे. तार थोडी ढोबळ आहे, पण राकट आहे. "आधी तुमची खोली दाखवा, मग सांगतो कुठला घ्या." मी म्हटलं, खोलीचा नकाशा देते, मोजमापं देते, तुम्ही कशाला तसदी घेता. आणि मी मणी निवडला. बारीक आकडे म्हटलं की मला राहवत नाही.

चार डिटेक्टर छताला लागले, महिनाभर पारखायचे ठरले. दर सोमवारी अकरा वाजता मी शिडीवर चढून छोट्या सिलिंडरमधला ठरावीक गॅस प्रत्येकाला हुंगवायचे, आणि आकडा पन्नास यायला हवा. पहिल्या सोमवारी चौघेही पन्नास. दुसऱ्या सोमवारी एक एकतीस, एक बावीस. तिसऱ्या सोमवारी दोघांनी सरळ शून्य दाखवलं, बाकीचे दोघंही त्याच वाटेवर, आणि मामा, हिरवा दिवा मात्र चालू! गॅस तोंडाशी धरलाय आणि हा म्हणतोय, सगळं छान आहे. बंद पडलेलं यंत्र परवडलं, माणूस निदान सावध राहतो. मेल्यावरही "मी मजेत" म्हणणाऱ्या यंत्राखाली अण्णा आणि त्यांच्या पाळीतले तिघं रोज आठ तास काम करणार होते.

माहितीपत्रकात तिसऱ्या पानावर चौकटीत लिहिलं होतं की सिलिकॉनची वाफ लागली तर मण्यावर काचेसारखा थर बसतो आणि तो आंधळा होतो. ती चौकट मी लाल पेनाने आधीच अधोरेखित केलेली. म्हणून मी खोलीतून सिलिकॉन हद्दपार करायला निघाले. खिडकीच्या काचांभोवतीचा सिलिकॉनचा लेप खरवडला. केबलचं सील बदललं. एका फोर्कलिफ्टवाल्याच्या डोक्याला लावायची जेल जप्त केली. (तो अजून माझ्याकडे बघत नाही. केस मात्र आता सगळीकडे बघतात.) अण्णांच्या हातांना ॲसिडने भेगा पडतात, त्यांचं क्रीमसुद्धा काढून घेतलं आणि दुसरं आणून दिलं. स्कूटरवाल्या काकांनी बिचाऱ्यांनी चारही डिटेक्टर बदलून नवे दिले. तेही दहा दिवसांत आंधळे. झाले आठ. आता प्रत्येक शक्यता मी आपल्या हाताने संपवली होती, उरले फक्त विक्रेते. मी सतरा पानांचा अहवाल लिहिला. "मानवी जिवाशी चाललेला हा बेजबाबदार खेळ" हे वाक्य त्यात दोनदा आहे, कारण पहिल्यांदा लिहिल्यावर मला ते फार आवडलं. शेवटी शिफारस केली की या विक्रेत्याचं नाव कायमचं काळ्या यादीत टाकावं. मॅनेजरसाहेब म्हणाले, शुक्रवारच्या बैठकीत शिक्कामोर्तब करू, आणि त्याच बैठकीत तुझ्या कायम होण्याचंही बघू.

काल शनिवारी मी माझी विसरलेली वही आणायला सकाळी नऊला बॅटरी रूममध्ये गेले. अण्णा शिडीवर होते. चार्जर बंद केलेले, पंखे चालू, शिडीला खाली धरायला माणूस उभा, डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे. मी भिंतीवर चिकटवलेला एकही नियम त्यांनी मोडला नव्हता. आणि एका हातात मऊ फडकं, दुसऱ्या हातात तुमची बाटली. डिटेक्टरच्या जाळीवर फूस, फूस, आणि मग प्रेमाने गोल गोल पुसणं. मला बघून त्यांना जरा लाजल्यासारखं झालं. म्हणाले, "सोमवारी सकाळीच करतो, तुम्ही तपासायला याल तेव्हा चमकायला पाहिजेत. पण परवा साहेब फेरी मारणार आहेत ना, म्हणून आजच उरकतोय. पोरीनं लावलेत, धूळ बसलेली बरी दिसत नाही."

मामा, मी खाली उभी राहून वर बघत होते. ते आठ डिटेक्टर मी आयुष्यात बघितलेल्या सगळ्या वस्तूंपेक्षा जास्त चकाकत होते. चार तिथे छतावर, आणि चार आधीचे, जे परत नेताना काका म्हणाले होते, "वा, ठेवलेत मात्र झकास."

मी अण्णांना नुसतं म्हटलं, आजच्यापुरतं राहू द्या. मग काकांनी जास्तीचा दिलेला एक कोरा डिटेक्टर टेबलावर घेतला. गॅस दिला, आकडा पन्नास. तुमचं पॉलिश दोनदा मारलं, अर्धा तास थांबले, पुन्हा गॅस दिला. बारा. आणखी थोड्या वेळाने तीन. तुमच्या बाटलीवर मी यापूर्वी संशय घेतला नाही, कारण तिच्यावर "शंभर टक्के घरगुती" असं लिहिलंय, आणि आपल्या माणसाच्या बाटलीवर कोण संशय घेतं? पण आता विचार करा. शुक्रवारी मी गप्प बसले तर स्कूटरवाल्या काकांचं नाव माझ्या सहीने काळं होणार, आणि त्यांचा गुन्हा एवढाच की त्यांनी खोली बघायला मागितली होती. नुसतं "पॉलिशमुळे झालं" म्हटलं तर लोक बोट दाखवणार ते शिडीवरच्या माणसाकडे. अण्णांना निवृत्त व्हायला दोन वर्षं उरलीत, आणि सव्वीस वर्षांत त्यांच्या नावावर एकही चूक नाही. आणि बाटली मीच दिली असं बोलले तर माझा कंस आहे तिथेच राहणार. रात्रभर, म्हणजे दुपारभर (रात्री मला गाढ झोप लागते, खोटं कशाला सांगू), मी हाच विचार केला.

बाकी इकडे सगळं क्षेम. मामीला नमस्कार. पिंट्याला म्हणावं अभ्यास कर. गुडघ्याला जपा.

तुमची भाची
सुरक्षा अभियंता (प्रशिक्षणार्थी)

ता. क. : सहज लिहिते असं वर म्हटलं ते तितकंसं खरं नाही. मला तुमच्याकडून एका ओळीचा सही केलेला कागद हवा आहे, की तुमच्या पॉलिशमध्ये सिलिकॉन तेल आहे. प्रमाण नको, कृती नको, बाकी काय घालता तेही नको. नुसतं "आहे" एवढंच. पत्र कुरिअरने पाठवतेय, उत्तरही कुरिअरने पाठवा, शुक्रवारच्या आत.

दुसरा ता. क. : मला माहीत आहे की हे तुमचं गुपित आहे, आणि गिऱ्हाइकांना तुम्ही "आमच्या आजीची कृती" असं सांगता. (आजीच्या वेळी आपल्याकडे सायकलसुद्धा नव्हती, मामा.) पण पॉलिश वाईट आहे असं मी म्हणतच नाही. गाडीला उत्तम आहे. ते फक्त अशा वस्तूवर मारू नये, जिच्यावर चार माणसांचा श्वास टांगलेला आहे. बाटलीवर तेवढी एक ओळ छापलीत, तर मिशीवाल्या फोटोचा रुबाब कमी होणार नाही, उलट वाढेल.

तिसरा ता. क. (बुधवारी लिहिलेला) : पत्र पक्कं करण्यात आणि वाक्यं खोडण्यात तीन दिवस गेले, आणि मॅनेजरसाहेबांना बाहेरगावी जायचं म्हणून बैठक आजच झाली. कागद नव्हता, तुमची सही नव्हती. मी उभी राहिले आणि म्हटलं, सतरा पानं परत घेते, दोष विक्रेत्याचा नाही, पॉलिश माझं आहे, मीच आणून दिलं. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत अण्णा उभे राहिले, "पोरीचं ऐकू नका साहेब, बाटली मी बाजारातून आणली." मी म्हटलं, अण्णा, खोटं बोलू नका, बाटलीवर माझ्या मामांचा फोटो आहे. अण्णा म्हणाले, "फोटोवर कुठं लिहिलंय तुझा मामा म्हणून?" एवढ्यात बाजू मांडायला बोलावलेले स्कूटरवाले काका म्हणाले, चूक माझीच, खोली न बघता मी माल द्यायलाच नको होता. मॅनेजरसाहेब म्हणाले की दोष आपल्याकडे ओढून घ्यायला लोक भांडताना त्यांनी पहिल्यांदाच पाहिले. एकट्या खरेदीसाहेबांच्या वाट्याला काहीच आलं नाही. ते जरा हिरमुसले आणि म्हणाले, "म्हणजे माझं मधोमध लावायचं काही चुकीचं नव्हतं."

शेवटी ठरलं असं. काका आज पहिल्यांदा बॅटरी रूममध्ये गेले, अण्णांच्या फडक्याकडे बघितलं, बाटलीकडे बघितलं आणि म्हणाले, इथे तारेवाला लावा, यांच्या पुसण्याने त्याला काही होणार नाही. मी म्हटलं, आम्ही अण्णांचं पॉलिश बंद करू. काका म्हणाले, "पॉलिश बंद कराल हो, पण उद्या दुसरा कुणी प्रेमाने आणखी काहीतरी मारेल." मी महिनाभर गॅसचा अभ्यास केला, खोलीचा केला, छताचा केला, पण खोलीत रोज वावरणाऱ्या माणसाचा नाही केला. तारेवाले चार डिटेक्टर सोमवारी लागतील. मी अहवाल दीड पानाचा लिहिला आहे, आणि त्यात पहिलंच वाक्य काकांच्या माफीचं आहे. अण्णांच्या नावावर काहीही आलेलं नाही. माझं कायम होणं मात्र तीन महिने पुढे गेलं. साहेब म्हणाले, घाई आणि सतरा पानं या दोन्ही सवयी तोवर सोडा.

शेवटचा ता. क. : सहीचा कागद आता नको, पण यातली माझी खरी विनंती ही. आईने कायम झाल्याचं सगळीकडे आधीच सांगून टाकलं आहे, आणि तिला तीन महिन्यांचं मी काही सांगू शकत नाही. ते तुम्ही सांगा. मी सांगितलं तर ती रडेल, तुम्ही सांगितलं तर ती तुमच्यावर चिडेल, आणि तुमच्यावर चिडायची तिला लहानपणापासून सवय आहे, तिला त्याने बरंच वाटतं. सांगताना फक्त एवढं म्हणा की तुमच्या पॉलिशमुळे झालं. हे मी बनवून सांगत नाही, मामा. आकड्यांसहित पुरावा माझ्याकडे आहे, लागला तर कुरिअर करते.